मुलाच्या पोटात गाठ लागली तर?

मुलाला आंघोळ घालताना पोटाच्या एका बाजूला काहीतरी टणक हाताला लागते, अशी तक्रार घेऊन काही आया माझ्याकडे येतात. मूल खेळत असते, जेवत असते, पोटही दुखत नसते. मग घरातले कोणी म्हणते, 'जंत असतील', कोणी म्हणते, 'पाणथरी वाढली असेल'. त्यात महिना निघून जातो.

पाच वर्षांखालील मुलांत अशा गाठीचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे मूत्रपिंडाचा कर्करोग. १८९९ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक माक्स विल्म्स यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला विल्म्स ट्यूमर म्हणतात. ही गाठ बहुधा दुखत नाही, पण झपाट्याने वाढते. काही मुलांना लघवीतून रक्त जाते, ताप येतो किंवा रक्तदाब वाढतो.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. ती ध्वनिलहरींवर चालते. तिच्यात क्ष-किरण नसतात आणि सुई टोचावी लागत नाही. गाठ भरीव आहे की आत पाणी आहे, हे तिच्यात कळते. लघवीची वाट अडल्यामुळे मूत्रपिंड पाण्याने फुगले असेल, तर तो कर्करोग नव्हे. गाठ भरीव असेल, तर ती मोठ्या रक्तवाहिनीत शिरली आहे का, हेही डॉप्लर पद्धतीने पाहता येते.

भरीव गाठ दिसली की पोटाचा सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. करतात. मूत्रपिंडाचा उरलेला भाग गाठीभोवती खेकड्याच्या नांगीसारखा दिसला, तर ती मूत्रपिंडातूनच निघाली असे समजते. हे ठरवणे आवश्यक असते, कारण मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून निघणारी न्यूरोब्लास्टोमा ही गाठ वेगळी आणि तिचे उपचारही वेगळे. दुसरे मूत्रपिंडही नीट पाहतात. शंभरातल्या साधारण ५ ते ७ मुलांत दोन्ही बाजूंना गाठी असतात. तेव्हा शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाचा जमेल तेवढा भाग वाचवावा लागतो. हा रोग बहुधा फुफ्फुसात पसरतो, म्हणून छातीचाही स्कॅन होतो.

'एवढ्या लहान मुलाला स्कॅनचे किरण बाधणार नाहीत का?' असे पालक मला विचारतात. शंका रास्त आहे. म्हणूनच मुलांसाठी किरणांची मात्रा कमी ठेवतात आणि गरजेशिवाय स्कॅन करत नाहीत. एम.आर.आय.मध्ये हे किरण नसतात, पण लहान मूल स्थिर राहावे म्हणून बहुधा भूल द्यावी लागते. मात्र किरणांच्या भीतीने जरुरीचा स्कॅन टाळणे अधिक धोक्याचे. गाठीच्या प्रकारावर शेवटचे शिक्कामोर्तब सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीनेच होते.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१. गाठ पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दाखवू नये. ती फुटली तर रोग पोटात पसरू शकतो.

२. पोट चोळणे, शेकणे, जंताच्या औषधावर वाट पाहणे नको. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्यावी.

३. सगळ्या फिल्म व रिपोर्ट जपून ठेवावेत आणि मोठ्या रुग्णालयात जाताना बरोबर न्यावेत.

औषधे, शस्त्रक्रिया व काहींना किरणोपचार असे या रोगाचे उपचार आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार होतात. प्रगत देशांत या रोगाची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. एक मूत्रपिंड काढावे लागले तरी दुसऱ्या निरोगी मूत्रपिंडावर मूल शाळेत जाते, खेळते, मोठे होते. तेव्हा 'कर्करोग' हा शब्द ऐकून हातपाय गाळू नयेत आणि उपचार अर्धवट सोडू नयेत.