खिशातला रेडिओ आणि विमान

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून विमान निघण्यापूर्वी प्रवाशांस सूचना होते, की भ्रमणध्वनी बंद करावा अथवा तो 'फ्लाइट मोड'वर ठेवावा. मुठीत मावणाऱ्या वस्तूचे एवढ्या प्रचंड यंत्रास भय ते कसले, असे कोणासही वाटेल.

या निर्बंधाचा उगम भ्रमणध्वनीच्याही पूर्वीचा आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लहान रेडिओसंच प्रचारात आले आणि प्रवासी ते विमानात नेऊ लागले. रेडिओ तर केवळ ऐकणारा. त्याने कोणाचे काय बिघडावे? परंतु ऐकण्यासाठीदेखील त्यास आपल्या पोटात एक लहर निर्माण करावी लागते, आणि ती थोडीशी बाहेर झिरपते. पुण्याचे विविध भारती केंद्र १०१ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. ते लावले असता नेहमीच्या घडणीच्या संचातील ही लहर १०.७ने अधिक, म्हणजे १११.७ मेगाहर्ट्झची होते. आणि वैमानिकास दिशा दाखविणारे जमिनीवरील संकेत नेमके १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातच येत असतात! पावसाळी ढगांतून उतरताना धावपट्टीची मध्यरेषा त्यास डोळ्यांनी दिसत नाही. ती या संकेतांवरूनच ओळखावी लागते. तेथे काटा किंचित ढळला, तरी शेकडो प्राण संकटात सापडावयाचे.

म्हणून १९६१ साली अमेरिकेने अशा संचांवर बंदी घातली. श्रवणयंत्र आणि हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र त्यातून वगळले, हे योग्यच झाले. विजेवर चालणारा वस्तराही वगळला. प्रवाशाची हजामत अडू नये, एवढी काळजी नियमकर्त्यांनी घेतली!

पुढे विमानातील यंत्रांस अधिक चांगले संरक्षण लाभले. भारतात २०१४ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 'फ्लाइट मोड'वरील उपकरणे संपूर्ण प्रवासात वापरण्यास अनुमती दिली. या अवस्थेत भ्रमणध्वनी मनोऱ्याचा शोध घेत लहरी सोडीत नाही.

लोहगावास मात्र आणखी एक निर्बंध आहे, आणि त्याचा लहरींशी संबंध नाही. हा तळ वायुसेनेचा. प्रवासी विमाने ज्या धावपट्टीवरून उडतात, तिच्यावरूनच सुखोई लढाऊ विमानेही झेपावतात. त्यामुळे येथे छायाचित्र घेण्यास मनाई आहे. प्रथमच विमानात बसलेल्या मुलाचा हात अशा वेळी खिशाकडे जातोच. खिडकीबाहेर एखादे सुखोई गर्जत निघून जाते. ते त्याने डोळे भरून पाहावे. पाहण्यास कोणाचीच हरकत नाही.