कानाची ठेवण व शस्त्रक्रिया

बाहेरून दिसणाऱ्या कानाचा वरचा मोठा भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक मऊ हाडाचा, असतो. खालची पाळी मात्र केवळ कातडी व मेद यांची असते. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील विवेचन सहज समजेल.

वेळणेश्वर व आसपासच्या किनाऱ्यावरील गांवांतून पाळींत कुडी व वरच्या कडेस बुगडी घालण्याची चाल जुनी आहे. जड दागिन्याच्या भारानें पाळीचें भोंक हळूहळू ओघळतें, आणि एखादे दिवशीं कडेवरच्या मुलानें हिसका देतांच पाळी दुभंगते. जखम भरली तरी ती सांधत नाहीं. कारण दोन्ही कडांवर नवी कातडी येते, व कातडीस कातडी जुळत नाहीं. म्हणून शस्त्रवैद्य त्या कडा ताज्या कापून टांके घालतो. ही विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंत पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले असून, गालाचें मांस घेऊन नवी पाळी घडविण्याचीही रीत दिली आहे. पुण्याजवळ कपाळाच्या कातडीनें नवें नाक केल्याची हकीगत १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें छापून आली, व कार्प्यू नामक शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं तीच पद्धत तिकडे करून दाखविली.

सोनारानेंच कान टोचावे अशी म्हण आहे. परंतु टोचणारा कोणीही असो, सुई निर्जंतुक पाहिजे. बुगडीच्या जागीं तर विशेष जपावें. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तेथें पू झाल्यास ती झिजून कान कायमचा वेडावांकडा होतो. वरचा कान लाल होऊन सुजल्यास तत्काळ डॉक्टर गांठावा.

कांहीं मुलांचे कान जन्मतःच पुढें आलेले असतात. कूर्चेची एक घडी नीट न पडल्यानें किंवा कानाची वाटी खोल असल्यानें असें होतें. त्यानें ऐकण्यांत कांहींच उणें येत नाहीं. जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत कूर्चा फार मऊ असते. तेव्हां डॉक्टरानें बसविलेल्या साच्यानें पुष्कळदां कान वळणावर येतो. पुढें पांच-सहा वर्षांच्या वयानंतर, कानाची वाढ बहुतेक पुरी झाली म्हणजे, शस्त्रक्रिया करतां येते. कानामागें छेद घेऊन कूर्चेस घडी घालतात व टांक्यांनीं ती धरून ठेवतात. लहान मुलांस बेशुद्ध करावें लागतें. प्रौढांस बहुधा कान बधिर केला तरी पुरतो. रक्तस्राव, पू, जाड व्रण, किंवा दोन कानांत किंचित् फरक राहणें, हे धोके अगोदर समजून घ्यावेत.

पालकांनीं मुलाच्या इच्छेवांचून ही घाई करूं नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांचें बोलणें हें शस्त्र लावण्याचें कारण नव्हे. परंतु मूल स्वतः कष्टी होऊन विचारूं लागलें, तर तें नखरा म्हणून उडवूनही लावूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्गांतील कोणास 'सुपकान्या' म्हणून हाक मारण्यापूर्वी एवढें आठवा कीं, त्याचे कान तुमच्या कानांइतकेंच स्पष्ट ऐकतात.