अ‍ॅलर्जीची सर्दी व नाकांत मारावयाचा स्टेरॉइड फवारा

सोयाबीनची मळणी सुरू झाली, अगर रब्बी ज्वारीच्या कडब्याची कुट्टी करून ती साठविण्याचे दिवस आले, म्हणजे पुष्कळ घरांतून सकाळीं उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते, नाकांतून पाण्यासारखा स्राव वाहतो, डोळे व टाळू खाजतात आणि रात्रीं नाक चोंदून झोंप येत नाहीं. ताप नसतो, अंग दुखत नाहीं. हवा पालटली म्हणून पडसें झालें असें समजून मनुष्य चार दिवस वाट पाहतो, पण हें पडसें चार दिवसांत न जातां महिना महिना राहतें. ही अ‍ॅलर्जीची सर्दी होय. तिजवर हल्लीं जें सर्वांत खात्रीचें औषध आहे तें नाकांत मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा. परंतु या औषधाविषयीं दोन उलट्या चुका आढळतात. कांहीं लोक नुसत्या स्टेरॉइड या नांवास भिऊन तें घेत नाहींत; कांहीं घेतात, पण शिंका आल्या कीं दोन दाब मारावयाचे व त्या थांबल्या कीं बाटली फळीवर ठेवून द्यावयाची, अशा रीतीनें घेतात. आणि आश्चर्य असें कीं, फवाऱ्यास भिणारांपैकींच कित्येकजण पुढें त्याच जातीच्या गोळ्या व इंजेक्शनें बेधडक घेत असतात.

सुगीच्या धुळींत नुसती माती नसते. तींत कुसळें, भुशाचे बारीक कण, ओलसर वैरणींत वाढलेल्या बुरशीचे बीजकण आणि साठवणींतील डोळ्यांस न दिसणारे किडे यांचें मिश्रण असतें. बांधावरील गवतांचे परागकण वाऱ्याबरोबर येतात ते वेगळेच. कित्येकांचें शरीर या कणांस शत्रु समजून त्यांजवर उठतें आणि त्यामुळें नाकाची आंतील त्वचा सुजते. ही सूज हाच मूळ रोग. शिंका व पाणी हीं तिचीं बाह्य चिन्हें होत. इंग्लंडांत या विकारास वाळल्या गवताचा ताप असें नांव पडलें आहे. वस्तुतः त्यांत ताप नाहीं, व दोष वाळल्या गवताचा नसून फुलांतील परागाचा आहे, हें मँचेस्टरच्या चार्लस ब्लॅकली या डॉक्टरानें स्वतःवर प्रयोग करून १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. शेतकऱ्यांस हा विकार क्वचितच होतो असेंही त्यानें नमूद केलें होतें. परंतु त्यावर विसंबून आम्हांस चालावयाचें नाहीं. कारण १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम दृष्टीस पडलेलें गाजर गवत आज पडीक रानांतून व रस्त्यांच्या कडांनीं सर्वत्र माजलें आहे, आणि त्याच्या परागानें नाकास व स्पर्शानें कातडीस होणारा त्रास रानांत राबणारास चुकत नाहीं. तें फुलावर येण्यापूर्वींच हातमोजे घालून मुळासकट उपटावें, हा उपाय कोणत्याही औषधाच्या आधीचा.

आतां स्टेरॉइड म्हणजे काय, तें पाहूं. आपल्या मूत्रपिंडांवर ज्या दोन लहान ग्रंथि आहेत, त्यांतून सूज आवरणारें एक द्रव्य रक्तांत जात असतें. त्याच वर्गांतील कॉर्टिझोन हें औषध अमेरिकेंतील डॉ. फिलिप हेंच यांनीं १९४८ सालीं संधिवाताच्या रोग्यास प्रथम दिलें, आणि १९५० सालीं त्यांस व त्यांचे सहकारी केंडॉल आणि स्वित्झर्लंडांतील राइखस्टाइन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. गुण विलक्षण होता. पण पोटांत दीर्घकाळ घेतल्यास तोंड सुजणें, रक्तांतील साखर वाढणें, हाडें ठिसूळ होणें आणि शरीराच्या स्वतःच्या ग्रंथि मंदावणें हे दोषही लवकरच दिसून आले. लोकांच्या मनांतील भीति येथूनच निघाली आहे, व गोळ्यांच्या बाबतींत ती रास्त आहे. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन वगैरे गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून घेऊन प्रत्येक सुगी निभावून नेणें हा मोठा धोक्याचा व्यवहार आहे. ज्यांनीं त्या पुष्कळ दिवस घेतल्या असतील त्यांनीं हा लेख वाचून त्या एकदम बंद करूं नयेत. मंदावलेल्या ग्रंथि लगेच काम करूं लागत नसल्यानें तसें करण्यानें जिवावर बेतूं शकतें. डॉक्टरच्या देखरेखीखालीं त्या क्रमाक्रमानें कमी कराव्या लागतात.

फवाऱ्याची गोष्ट निराळी आहे. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या औषधांच्या नेहमींच्या फवाऱ्यांत एका दाबांत ५० मायक्रोग्रॅम औषध असतें. मोठ्या माणसास प्रारंभीं प्रत्येक नाकपुडींत दोन दाब, दिवसांतून एकदां, असें दिल्यास सारें मिळून २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पांचवा हिस्सा होतो. शिवाय या दोन औषधांपैकीं शेंकडा दोहोंहून कमी भाग रक्तांत पोंचतो. जें घशावाटे पोटांत जातें त्याचा बहुतेक भाग यकृतांत नाश पावतो. बेक्लोमेथासोनसारख्या जुन्या औषधांचें रक्तांत जाण्याचें प्रमाण याहून बरेंच अधिक आहे. म्हणून कोणतें औषध व किती, हें डॉक्टरनेंच ठरवावें.

नाक मोकळें करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन यांचे थेंब दुकानांत याच फळीवर असतात, व पुष्कळांस दोन्ही एकच वाटतात. तीं औषधें रक्तवाहिन्या आवळून पांच-दहा मिनिटांत नाक मोकळें करतात, म्हणून लोकप्रिय आहेत. पण आठवडाभराहून अधिक वापरल्यास त्यांचा अंमल उतरतांच नाक पूर्वीपेक्षां अधिक चोंदतें, मनुष्य पुन्हां थेंब घालतो, आणि असें वर्षानुवर्षें चालतें. स्टेरॉइडच्या फवाऱ्यांत हा दोष नाहीं. मात्र तो तात्काळ फळही देत नाहीं. गुणास बहुधा अर्ध्या दिवसानंतर सुरुवात होते व पूर्ण गुण येण्यास एक ते दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत कांहीं झालें नाहीं म्हणून बाटली टाकणारानें औषधाची परीक्षा केलीच नाहीं, असें आम्ही म्हणतों. द्राक्षाचा बागाईतदार केवडा पानावर पसरल्यानंतर नव्हे, तर त्याचें मान दिसतांच बोर्डो मिश्रण मारतो. तद्वत् ज्यास दरसाल ठराविक महिन्यांत हा त्रास होतो त्यानें डॉक्टरला विचारून हंगामाच्या आधीं एक-दोन आठवडे फवारा सुरू करावा व हंगाम संपेपर्यंत रोज घ्यावा. बरें वाटूं लागल्यावर मात्रा निम्म्यावर आणतां येते. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशीं दुप्पट घेऊं नये.

मारण्याची रीत लहान दिसते, पण निम्मा गुण तींत आहे. प्रथम नाक शिंकरून घ्यावें. फार धूळ बसली असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यांत मीठ घालून नाक धुवावें व मग थोडें थांबावें. बाटली हलवावी. नवी असल्यास, किंवा आठवडाभर पडून राहिली असल्यास, बारीक धुकें येईपर्यंत हवेंत दाब मारावे. मान मागें न टाकतां किंचित् पुढें झुकवावी. उजव्या नाकपुडीस डाव्या हातानें व डाव्या नाकपुडीस उजव्या हातानें धरावें. असें केल्यानें टोंक आपोआप बाहेरच्या बाजूस, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याकडे वळतें. दोन नाकपुड्यांमधील पडद्यावर फवारा कधींही मारूं नये. नाकांतून जें रक्त येतें तें बहुधा या चुकीमुळें. पडदा रोज भिजत राहिल्यास तेथें खपली धरते आणि क्वचित् प्रसंगीं भोंकही पडतें. दाबतांना श्वास हळूच घ्यावा, जोरानें ओढूं नये. औषधाची चव घशांत आली तर ओढ जास्त झाली असें समजावें. नंतर टोंक पुसून टोपण लावावें. पंपाचा नोझल तुंबला कीं तार घालण्याची आपली संवय आहे. येथें टांचणी घालूं नये, छिद्र मोठें होऊन मात्रा बिघडते. टोंक सुटें करून कोमट पाण्यानें धुवावें व वाळवावें. एका घरांत दोघांस त्रास असला तरी बाटल्या दोन असाव्या.

नाकांत जखम असतां, नुकतीच नाकाची शस्त्रक्रिया झाली असतां, क्षयाचे उपचार चालू असतां, अथवा डोळ्यांत कांचबिंदु किंवा मोतीबिंदु असतां डॉक्टरला तें आधीं सांगावें. एच. आय. व्ही. वरील रिटोनाव्हिर व बुरशीवरील इट्राकोनाझोल यांसारखीं औषधें घेणारांनींही तसेंच करावें, कारण त्यांच्या योगानें फवाऱ्यांतील औषध रक्तांत सांठून राहतें. लहान मुलांस मात्रा कमी असते. महिनोन्महिने देणें झाल्यास मुलाची उंची वेळोवेळीं मोजून ठेवावी. नाक एकाच बाजूनें चोंदत असेल, स्राव रक्तमिश्रित किंवा दुर्गंधीचा असेल, अगर छातींत घरघर व धाप लागत असेल, तर फवाऱ्यावर दिवस काढूं नयेत. तसेंच मिरचीची पूड किंवा कीटकनाशक नाकांत गेल्यानें होणारी चुणचुण ही बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे, व तिजवर या औषधाचा फारसा उपयोग नाहीं.

फवारा चालू आहे म्हणून मळणीयंत्रापुढें उघड्या तोंडानें उभें राहावें, असा मात्र अर्थ कोणी घेऊं नये. नाकातोंडावर चांगलें बसणारें आवरण असावें, वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभें राहावें, आणि घरीं आल्यावर कपडे बदलून तोंड व नाक धुवावें.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. बाटलीवर १२० दाब असें छापलें असल्यास रोज चार दाबांनीं ती ३० दिवस पुरते व दोन दाबांनीं ६० दिवस. त्यानंतरही आंत कांहीं द्रव हलतांना दिसतो व फवाराही उडतो, पण त्यांत पूर्ण मात्रा येईलच असा भरंवसा नसतो. म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.