मोटारीचे इंजिन काय सांगते? आवाजावरून दोष ओळखा



एके काळी आपल्या भागात मोटार म्हणजे जीप, अँबॅसिडर, नाहीतर फियाट. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि पुढे वस्त्यावस्त्यांवर घरची गाडी दिसू लागली. ही गाडी फाट्याकडेच्या कच्च्या रस्त्याने धूळ खात निघते आणि भिगवण-इंदापूरला सोलापूर रस्त्यावर पळते. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे तासन् तास हळू चालते. बैल लंगडला की आपण लगेच खूर बघतो, पण इंजिन वाजू लागले की म्हणतो, "पट्टा पडू द्या, मग बघू." तोवर किरकोळ दोषाचे मोठे काम होऊन बसते.

आवाज इंजिनाचा की चाकाचा?

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला ठेवून रेस द्यावी. रेसबरोबर आवाज वाढला तर तो इंजिनाच्या बाजूचा. उभ्या गाडीत आवाज नाही, पण वेगाबरोबर घोंगावतो, तर चाकाचे बेअरिंग किंवा टायर पाहावा. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला किंवा थांबला तर क्लच-गिअरबॉक्सकडे बघावे.

कारखान्यातला फिटर सळई बेअरिंगवर टेकवून दुसरे टोक कानाशी धरतो. तीच युक्ती लांब स्क्रू-ड्रायव्हरने करता येते. मात्र उपरणे, पदर, सैल बाही पंखा-पट्ट्यापासून दूर ठेवावी. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

आवाजांचे प्रकार

१) चीं-चीं. सकाळी स्टार्ट करताना किंवा एसी लावताना येतो. पट्टा सैल, झिजलेला किंवा भेगाळलेला असतो. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही थांबून इंजिन तापते. पट्टा बदलणे स्वस्त पडते.

२) वरून बारीक टक-टक. बहुधा टॅपेटचा आवाज. प्रथम ऑइल बघावे. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सपाट जागी काडी काढावी, पुसून पुन्हा घालून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असल्यास पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच भरावे. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. ऑइल बरोबर असूनही टक-टक राहिली तर टॅपेट तपासून घ्यावेत.

३) चढाला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. पुण्याहून येताना दिवे घाटात वरच्या गिअरमध्ये पेट्रोल गाडी रेटली की असा आवाज येतो. पेट्रोल वेळेआधी पेटते, त्याचे हे ठोके. लगेच खालचा गिअर टाकावा. तरी राहिला तर साठलेला कार्बन, इग्निशनचे टायमिंग आणि इंजिन तापते का, हे पाहावे. आपल्या उसापासून होणारे इथेनॉल हा ठोका कमी करते, कारण त्याचा ऑक्टेन अंक १०० च्या वर आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील मिश्रण २० टक्क्यांवर गेले. मात्र जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याने खराब होऊ शकतात. ते अधूनमधून तपासावेत.

४) फुस्-फुस्, फट्-फट्. सायलेन्सरचा पाइप किंवा गॅस्केट फुटले असेल. धूर गाडीत शिरला तर त्यातला विषारी वायू जिवावर बेततो. त्याला वासही नसतो. काचा उघड्या ठेवून गाडी थेट दुरुस्तीला न्यावी.

५) खालून जड ठक-ठक, रेस दिली की वाढणारी. हा सर्वांत वाईट आवाज. बहुधा क्रँकचे बेअरिंग गेलेले असते. सोबत ऑइलचा लाल दिवा लागला तर रस्त्याच्या कडेला थांबून इंजिन तत्काळ बंद करावे. "गावापर्यंत नेऊ" म्हणू नये. बेअरिंगपुरते काम पुढच्या पाच किलोमीटरमध्ये क्रँक आणि ब्लॉकपर्यंत जाते. गाडी ओढूनच न्यावी. हा दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नव्हे. दिवा लागला नाही म्हणून ऑइल पुरेसे आहे असे समजू नये.

डिझेल गाडी मुळातच खडखडते. तिचा रोजचा आवाज कानात बसवावा. नवा, तीक्ष्ण ठोका ऐकू आला तर नोझल तपासून घ्यावा.

मिस्त्रीकडे जाताना

नुसते "गाडी वाजते" सांगू नये. आवाज थंडीत येतो की तापल्यावर, चढाला की उभ्या गाडीत, वरून की खालून, कधीपासून, हे चार शब्द सांगावेत. "इंजिन खोलावे लागेल" असे उत्तर आले तर आधी गेज लावून ऑइलचा दाब मोजायला सांगावे. पट्टा किंवा टॅपेटच्या आवाजासाठी अख्खे इंजिन खोलून घेऊ नये.

दर पंधरवड्याला ऑइल बघावे, धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर साफ करावा आणि आठवड्यातून एकदा रेडिओ बंद करून गाडी ऐकावी. एवढी सवय लागली तर पुष्कळसा खर्च टळेल.