लोकशाही आणि प्रजासत्ताक : दोन शब्द, दोन प्रश्न

दर वर्षी २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो. परंतु त्या दिवशी होणारी भाषणे ऐकली तर त्यांत बहुधा लोकशाहीचेच गुणगान असते. ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही, कारण हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. नागरिकशास्त्र शिकविताना आम्हांला असा अनुभव येतो की, दोहोंतील फरक विचारला तर चांगले हुशार विद्यार्थीही घोटाळतात. त्यात त्यांचा दोष फारसा नाही. आपल्या ग्वाल्हेरातील मराठी मूल घरी ‘प्रजासत्ताक’ ऐकते, शाळेत हिंदीतून ‘गणतंत्र’ वाचते आणि शेजारच्या उर्दू घरात त्याच दिवसाला ‘यौमे जम्हूरिया’ म्हणतात. उर्दूत तर लोकशाहीला ‘जम्हूरियत’ म्हणतात. म्हणजे दोन्ही शब्द ‘जम्हूर’ अर्थात जनसमुदाय या एकाच मुळापासून निघालेले. मग मुलांचा घोटाळा झाला तर नवल काय?

तथापि आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी घातलेले आहेत. १९४९ साली संविधान स्वीकारले तेव्हा ‘लोकशाही गणराज्य’ असे म्हटले गेले; पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द त्यात आले, परंतु हे मूळचे दोन शब्द जागचे हलले नाहीत. एकाच अर्थाचे दोन शब्द घटनाकारांनी उगाच वापरले असतील असे मानणे बरोबर नाही. म्हणून त्यांचा निरनिराळा अर्थ काय आणि तो आपल्या गावच्या इतिहासात कसा दिसतो, हे थोडक्यात पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

दोन प्रश्न

‘लोकशाही’ हा ज्या ग्रीक शब्दाचा मराठी प्रतिशब्द आहे त्यात ‘डेमोस’ म्हणजे लोक आणि ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता हे दोन अंश आहेत. ‘प्रजासत्ताक’ हा ज्याचा प्रतिशब्द आहे तो लॅटिन शब्द ‘रेस पब्लिका’, म्हणजे सार्वजनिक वस्तू. या व्युत्पत्तीतच सर्व मर्म आहे. लोकशाही ‘निर्णय कोणाच्या मताने होतो?’ या प्रश्नाचे उत्तर देते. प्रजासत्ताक ‘राज्य ही वस्तू कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर देते. पहिला प्रश्न कारभाराचा, दुसरा मालकीचा. राज्य एखाद्या घराण्याचे नसून सर्वांचे असेल आणि राज्याचा प्रमुख जन्माने ठरत नसेल तर ते प्रजासत्ताक. कारभार सामान्य लोकांच्या मताने चालत असेल तर ती लोकशाही.

प्रश्न दोन असल्यामुळे उत्तरांच्या जोड्या चार होतात.

१. लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. इंग्लंड आणि जपान ही याची परिचित उदाहरणे. तेथे कायदे लोकांनी निवडलेले प्रतिनिधी करतात, परंतु राज्याचा प्रमुख वंशपरंपरेने येतो.

२. प्रजासत्ताक आहे, लोकशाही नाही. आपल्या देशातील प्राचीन गणराज्ये या वर्गात बसतात. वैशालीच्या लिच्छवींचा वंशपरंपरेचा एकच राजा नव्हता. सभेत विचारविनिमय होऊन निर्णय होत. पण त्या सभेत बसण्याचा मान कुलीन क्षत्रिय घराण्यांचा होता. शेतकरी, कारागीर, दास यांस तेथे स्थान नव्हते. ज्या मालवांचे नाव माळव्यास मिळाले त्यांचेही असेच गण होते. त्यांच्या नाण्यांवर राजाच्या नव्हे, तर मालवगणाच्या जयाची अक्षरे कोरलेली सापडतात. रोमचे जुने प्रजासत्ताकही मुख्यतः सरदार घराण्यांच्या हाती होते.

३. दोन्ही आहेत. आजचा भारत हे याचे उदाहरण.

४. दोन्ही नाहीत. राजाचे राज्य आणि राजाचाच हुकूम. हे उदाहरण शोधण्यास आपल्याला फार दूर जावयास नको.

येथे एक खुलासा अवश्य आहे. अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकांत कधी कधी निराळाच भेद दिलेला असतो. १७८७ साली जेम्स मॅडिसन यांनी असे मांडले की, सर्व नागरिक एकत्र जमून स्वतः कारभार पाहतात ती लोकशाही आणि प्रतिनिधींच्या द्वारे पाहतात ते प्रजासत्ताक. त्यांच्या डोळ्यांपुढे अथेन्ससारखी छोटी नगरे होती. हा अर्थ ध्यानात ठेवावा, पण आपल्या संविधानातील शब्दांना तो लावू नये. कारण आज प्रतिनिधींच्या द्वारे चालणाऱ्या राज्यासही सर्व जग लोकशाहीच म्हणते.

औंधचा धडा

महाराष्ट्रातील औंध संस्थानाचे उदाहरण या विषयात फार बोधप्रद आहे. सातारा, सांगली व विजापूर या भागांत विखुरलेल्या ७२ गावांचे ते छोटे संस्थान. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत नवी राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपविला. या कामी त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम होते, तर महात्मा गांधींचा सल्ला होता. गावोगावी निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याच्या सभा आणि त्यांवर संस्थानची विधिसभा अशी ती रचना होती.

ही लोकशाही होती काय? निःसंशय होती, आणि त्या काळच्या मानाने फार पुढची होती. हे प्रजासत्ताक होते काय? नव्हते. राज्य पंतप्रतिनिधींचेच होते. त्यांनी ते उदार मनाने प्रजेच्या हाती दिले होते. भवानरावांनी दिला शब्द पाळला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. परंतु पुढे कोणी निराळ्या स्वभावाचा वारस गादीवर आला असता आणि त्याने दिलेले काढून घेतले असते, तर ते अडविण्याचे बळ प्रजेच्या हाती कितपत होते? दानात मिळालेला हक्क हा दात्याच्या मर्जीवर टिकतो. औंधचा हा धडा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

ग्वाल्हेरचा प्रवास

आता आपल्या गावाकडे वळू. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीचा तळ पडला आणि ‘लष्कर’ शहर वसले. आपले माधवगंज याच लष्करातले. राज्यकारभारास येथे ‘दरबार’ म्हणत. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत (१८८६ ते १९२५) मजलिस-इ-आम, मजलिस-इ-कानून अशा सभा निघाल्या. त्यांत प्रजेचे म्हणणे मांडले जाई, परंतु अखेरचा शब्द महाराजांचाच असे. सल्ला देणारी सभा आणि निर्णय करणारी सभा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर व इतर संस्थाने मिळून मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले. लीलाधर जोशी हे पहिले मुख्यमंत्री, आणि जिवाजीराव शिंदे हे राजप्रमुख. ग्वाल्हेर हिवाळी राजधानी व इंदूर उन्हाळी राजधानी ठरली. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत मिळाले, मग तो शिकलेला असो वा नसो, जमीनदार असो वा भिस्ती. राजप्रमुखपद मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी सातव्या घटनादुरुस्तीने संपले आणि मध्यभारत मध्यप्रदेशात सामील झाला. म्हणजे मधली काही वर्षे आपण प्रजासत्ताकात राहत होतो आणि आपल्या राज्याच्या प्रमुखपदी जुने अधिपतीच होते. जुन्या व नव्या व्यवस्थेचा सांधा असा हळूहळू जुळला.

एक खटला आणि त्यातील शिकवण

संस्थाने विलीन होताना राजेलोकांना तनखे व काही मानमरातब यांचे वचन दिलेले होते, आणि ते संविधानाच्या २९१ व ३६२ या अनुच्छेदांत नमूद होते. पुढे असा विचार बळावला की, जन्मावरून मिळणारा तनखा प्रजासत्ताकात शोभत नाही. १९७० च्या सप्टेंबरमध्ये हे तनखे रद्द करणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले. राज्यसभेत बाजूने १४९ व विरुद्ध ७५ मते पडली. गणित सोपे आहे : एकूण २२४, त्याचे दोनतृतीयांश १४९ पूर्णांक एकतृतीयांश. विधेयक एका मताहूनही कमी अंतराने पडले. लगेच ६ सप्टेंबर रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता एकदम काढून घेण्यात आली.

याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेला जो खटला प्रसिद्ध आहे तो ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या नावाने ओळखला जातो. हे जिवाजीरावांचे पुत्र. अकरा न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हे पूर्वी नागपूर व मध्यप्रदेश येथील उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायाधीश होते. १५ डिसेंबर १९७० रोजी नऊ विरुद्ध दोन अशा मतांनी तो आदेश रद्द झाला. संविधानात जे लिहिलेले आहे ते नुसत्या आदेशाने पुसता येत नाही, असा त्याचा इत्यर्थ.

गोष्ट येथे संपली नाही. १९७१ च्या निवडणुकीनंतर योग्य मार्गाने, आवश्यक त्या बहुमताने, सव्विसावी दुरुस्ती संमत झाली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर तनखे व संस्थानिकांची मान्यता दोन्ही कायमची गेली.

या एका प्रकरणात आपला सर्व विषय सामावलेला आहे. जन्माने कोणी मोठा नाही, हे प्रजासत्ताकाचे तत्त्व. लोकांच्या बहुमताने ते अमलात आले, ही लोकशाही. आणि बहुमतालाही कायद्याची पायरी चुकवता आली नाही, हे संविधानाचे राज्य. ज्यांचे पूर्वज न्यायदानाचे अखेरचे आसन होते, ते न्यायालयापुढे अर्जदार म्हणून उभे राहिले. आणि त्यांचा अर्ज, कोणाही नागरिकाचा ऐकावा तसा, ऐकून घेतला गेला. हीच वाट उद्या माधवगंजातील एखाद्या विणकराला किंवा हातगाडीवाल्यालाही मोकळी आहे, कारण अनुच्छेद ३२ मध्ये माणसामाणसांत फरक केलेला नाही.

कोणी शंका घेईल की, राजघराण्यातील माणसे पुढेही निवडून आलीच की! होय, आली. १९५७ साली विजयाराजे शिंदे गुण्याहून लोकसभेवर गेल्या. त्याच गुण्यात २०१९ साली त्यांचे नातू पराभूत झाले आणि २०२४ साली त्याच मतदारसंघातून पुन्हा निवडून आले. कोणाला निवडावे हा मतदाराचा प्रश्न. आमचा मुद्दा एवढाच की, आता विचारावे लागते. वारसाहक्काने घर मिळते, दागिने मिळतात. मत मिळत नाही, ते दर वेळी नव्याने मागावे लागते.

आपल्या संस्थांसाठी

ही स्मरणिका एका धर्मादाय न्यासाच्या महोत्सवाची आहे, म्हणून एक दृष्टान्त घरचाच घेऊ. न्यासाची इमारत, त्याची शाळा, त्याचा निधी कोणाचा? विश्वस्तांचा नव्हे. देणगीदारांचाही नव्हे, देणगी दिली तेव्हाच त्यांची मालकी सुटली. तो ज्या कार्यासाठी आणि ज्या लोकांसाठी स्थापन झाला त्यांचा. ही झाली ‘सार्वजनिक वस्तू’. कार्यकारिणी निवडणे, सभेत मत देणे ही झाली लोकशाही. आता समजा, उद्या सर्वच विश्वस्तांनी एकमताने ठराव केला की, शाळा विकून पैसे आपसांत वाटून घ्यावेत. ठराव एकमताचा म्हणून योग्य ठरेल काय? मुळीच नाही. न्यासपत्र आडवे येईल, आणि मध्यप्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे स्थावर मिळकत विकण्यास निबंधकाची पूर्वसंमती लागेल. जे आपले नाही ते एकमतानेही वाटून घेता येत नाही.

देशाचेही तसेच आहे. आज जे बहुमतात आहेत ते कारभारी आहेत, मालक नाहीत. जे अल्पमतात आहेत ते भाडेकरू नाहीत, तेही तितकेच भागीदार आहेत. आणि जी पिढी अजून जन्मास यावयाची आहे तिचाही त्यात वाटा आहे. ग्वाल्हेरात आपण मराठी बोलणारे थोडे, येथील मुसलमान थोडे, आणि आमच्यासारखे मराठी शाळेत शिकून मराठीतच शिकविणारे मुसलमान तर त्याहून थोडे. केवळ डोकी मोजली तर आमचा हिशेब लवकर आटोपेल. आम्ही निर्धास्त राहतो ते मोजणीच्या भरवशावर नव्हे. हे राज्य ज्या अर्थाने कोणा एकाचे नाही त्या अर्थाने ते आमचेही आहे, या भरवशावर.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे मानण्याची आपल्याला खोड आहे. सार्वजनिक नळ वाहत राहतो, वाचनालयातील पुस्तकाची पाने फाटतात, सभेस गणपूर्ती होत नाही; मग चार माणसे कारभार हाती घेतात आणि आपण ‘बारभाईंची खेती’ म्हणून हसतो. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाही असे बजावले. महूला, म्हणजे आपल्या जुन्या मध्यभारतातच, जन्मलेल्या या पुरुषाचे सांगणे आपण तरी विसरू नये. आदर करावा, पण आपली बुद्धी कोणाच्या पायावर ठेवू नये.

तात्पर्य, लोकशाही पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घेते. प्रजासत्ताक रोजच्या वागण्यात जपावे लागते. एकीत आपण मत देतो, दुसऱ्यात आपण राखण करतो. दोन्ही कामे ज्याला कळली तो नागरिक. आमच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरता एवढाच फरक ध्यानात ठेवला तरी गुण मिळतील. परंतु मोठेपणी एखाद्या संस्थेचा हिशेब त्यांच्या हाती आला असता, पहिल्या पानावर ‘हे माझे नाही, आपले आहे’ असे मनाशी लिहून त्यांनी काम सुरू केले, तर आम्हांला आमचे शिकविणे कामी आले असे वाटेल.