सीमेपलीकडून घेतलेलें नांव व त्यावरील कर

इंटरनेटवर ज्यास आपलें दुकान, शाळा अथवा लेखन मांडावयाचें असेल, त्यास प्रथम एक नांव घ्यावें लागतें. ह्यास डोमेन नेम म्हणतात. संगणक एकमेकांस आंकड्यांनीं ओळखतात; परंतु माणसांच्या लक्षांत आंकडे राहत नाहींत, म्हणून त्यांस शब्दरूप नांवें जोडिलेलीं असतात. ह्या नांवांची जगभर एकच व्यवस्था राहावी म्हणून १९९८ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत 'आयकॅन' ही संस्था निघाली. सामान्य ग्राहक तिच्या दारीं जात नाहीं. तो रजिस्ट्रार नांवाच्या विक्रेत्याकडे पैसे भरून कांहीं वर्षांपुरता नांवाच्या उपयोगाचा हक्क घेतो, आणि मुदत संपतांच पुन्हा पैसे भरितो. हा व्यवहार सेवेचा होय, व कर बसतो तोहि सेवेवरील.

आतां प्रश्न असा कीं, पुण्यांतील गृहस्थानें अमेरिकेंतील विक्रेत्याकडून नांव घेतलें, तर त्यावरील कर कोणत्या सरकारानें घ्यावा? मुंबईच्या वेशीवर पूर्वीं जकातनाके असत. गाडी थांबे, माल पाहिला जाई, आणि जकात भरल्यावरच ती शहरांत शिरे. १ जुलै २०१७ पासून ती जकात बंद झाली. पण ती चालू असतांहि डोमेन नांवास नाक्यावर अडवितां आलें नसतें. कारण त्यास वजन नाहीं, पेटी नाहीं, आणि तें रस्त्यानें येत नाहीं.

कोणी म्हणेल, मग तें करावांचून येऊं द्यावें. त्यांत बिघडलें काय? आपण एक हिशेब करूं. एका नांवाची वार्षिक किंमत देशी व परदेशी अशा दोन्ही विक्रेत्यांकडे १००० रुपये आहे असें धरूं. नोंदणीकृत देशी विक्रेता शेंकडा १८ प्रमाणें १८० रुपये कर मिळवून ११८० रुपये घेईल. परदेशी विक्रेत्यानें कर घेतला नाहीं, तर त्याचें नांव १००० रुपयांसच मिळेल. दोघांची सेवा सारखी असतां देशी विक्रेत्याचें गिऱ्हाईक जाईल, आणि ज्या खजिन्यांतून रस्ते, दवाखाने व शाळा चालतात त्यासहि १८० रुपयांची तूट येईल.

ह्यास्तव यूरोपीय संघानें १ जुलै २००३ पासून असा नियम केला कीं, संघाबाहेरील विक्रेत्यानें तेथील सामान्य ग्राहकास अशी इंटरनेटवरील सेवा विकल्यास ग्राहकाच्या देशाचा कर घ्यावा. संघांतील विक्रेत्यांस मात्र २०१४ सालाच्या अखेरीपर्यंत स्वतःच्या देशाचा दर लागू असे. लक्झेंबर्गमध्यें तो शेंकडा १५ होता, तर हंगेरींत २०१२ पासून शेंकडा २७. तेव्हां विक्रेत्यांचा ओढा कोणीकडे असेल हें सांगावयास नको. १ जानेवारी २०१५ पासून त्यांसहि ग्राहकाच्या देशाचा दर लागूं झाला, आणि सर्व देशांचा हिशेब एकाच ठिकाणीं भरण्याची सोय करण्यांत आली.

भारतानेंहि हेंच तत्त्व स्वीकारिलें. परदेशी विक्रेत्यांकडून सामान्य ग्राहकांस मिळणाऱ्या अशा सेवांवर १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकर, व १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागूं झाला. ग्राहक ह्या कराखालीं नोंदलेला व्यापारी असल्यास तो कर त्यानें स्वतः सरकारांत भरावयाचा असतो. तो सामान्य गृहस्थ असल्यास परदेशी विक्रेत्यानें भारतांत नोंदणी करून, कर वसूल करून भरावयाचा असतो. येथें एक अडचण लक्षांत घेण्याजोगी आहे. देशांतील लहान व्यावसायिकास उलाढालीच्या ठराविक मर्यादेपर्यंत नोंदणीची सूट असते. परदेशी विक्रेत्यास ती नाहीं. दोन-चार ग्राहकांपुरता भारताशीं संबंध असलेल्या लहान विक्रेत्यासहि नोंदणीचा भार उचलावा लागतो.

ग्राहक कोठला, हें विक्रेत्यानें ओळखावें कसें? कायद्यानें सात खुणा सांगितल्या आहेत. ग्राहकानें दिलेला पत्ता, बिलाचा पत्ता, पैसे देणारी बँक, क्रेडिट कार्ड, संगणकाचा इंटरनेटवरील क्रमांक, मोबाइलच्या सिम कार्डाचा देशक्रमांक आणि घरचा टेलिफोन, ह्या त्या खुणा होत. परस्परविरोधी नसलेल्या कोणत्याहि दोन खुणा भारताच्या निघाल्या, तर ग्राहक भारतांतील समजला जातो. जुना नाका गांवाच्या वेशीवर असे. हा नवा नाका ग्राहकाच्या पत्त्यांतच आहे.

म्हणून पत्ता खरा देणें ह्यास महत्त्व आहे. १८० रुपये वांचविण्यासाठीं परदेशचा खोटा पत्ता देण्याचा मोह कोणा तरुणास होईल. परंतु आयकॅनच्या रजिस्ट्रारांशीं असलेल्या करारानुसार, जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याचें नांव रद्द होऊं शकतें. ज्या नांवावर पांच वर्षें धंदा उभा केला, तेंच एके दिवशीं हातचें जावयाचें! पालकांनीं मुलांस असें नांव घेऊन देतांना बिलांतील कराची ओळ त्यांजकडून वाचवून घ्यावी, दर व बेरीज पडताळून पाहावयास लावावें, आणि नोंदणींत पत्ता खरा लिहिला आहे ना, हें स्वतः पाहावें. अंकगणिताचा व नागरिकशास्त्राचा धडा त्या एका कागदावर एकत्र मिळेल.