संतचरित्र शिकवताना: कुणी, कधी, कशावरून?



काही वर्षांपूर्वी वर्गात ज्ञानेश्वरांनी भिंत चालवल्याची गोष्ट सांगत होतो. एका मुलाने विचारलं, "सर, हे कुणी पाहिलं होतं?" मी म्हणालो, "श्रद्धेचा विषय आहे, खाली बस." तो बसला. पण त्यानंतर त्याने हात वर करणंच सोडून दिलं. माझी चूक मला उशिरा कळली. कारण त्याचा प्रश्न हा संतचरित्राच्या अभ्यासकांचा पहिला प्रश्न आहे.

दोन चरित्रकार पाहू.

१) म्हाइंभट : तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पश्चात त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, विचारून आठवणी गोळा केल्या. पुढे या ग्रंथाच्या हस्तलिखितांत पाठभेद झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी त्यांचा कसून अभ्यास करून ग्रंथ संपादित केला.

२) महिपती (१७१५–१७९०) : राहुरीजवळच्या ताहराबादचे. त्यांचा 'भक्तिविजय' १७६२ चा. आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे लिहितो, हे ते स्वतःच सांगतात. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या कितीतरी संतकथा याच ग्रंथातून घरोघरी पोहोचल्या.

आता फळ्यावर गणित मांडा. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६, 'भक्तिविजय' १७६२. मध्ये ४६६ वर्षं! मग महिपती खोटं लिहितात का? तसं नाही. लोकांनी संतांना मनात कसं जपलं, ते महिपतींकडून कळतं. प्रत्यक्ष काय घडलं हे शोधायचं तर अभ्यासक आणखी मागे जातात. ज्ञानेश्वरांविषयी नामदेवांच्या नावावरचे अभंग बघतात, ताम्रपट-शिलालेख तपासतात, जुन्या पोथ्या ताडून पाहतात. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, फक्त एकीला दुसरी समजू नये.

वर्गात करून पाहा : गावातली एखादी जुनी घटना घ्या, पूर आला तो दिवस किंवा शाळा सुरू झाली तो दिवस. मुलांनी घरच्या दोन मोठ्या माणसांना वेगवेगळं विचारून लिहून आणावं. दोघांच्या सांगण्यात फरक निघतोच. मग विचारा, कुणी सांगितलं? कधी सांगितलं? कशावरून सांगितलं?

प्रश्न विचारल्याने संत लहान होत नाहीत. प्रश्न दाबला तर मूल मात्र गप्प होतं.